पुस्तक काढून घेऊ का?

प्रश्न : मावशी, माझी मुलगी यंदा दहावीत आहे. एप्रिलमध्ये तिनं मैत्रिणीकडून जॉन ग्रीन यांची ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’ ही इंग्रजी कादंबरी आणली, तेव्हापासून ती तिच्या उशाशीच असते. मी चाळली. त्यातली मुलगी सारखा जंतूंचा विचार करते, बोटात नख रुतवत राहते आणि शेवटी बरीही होत नाही. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केल्यात. आमची मुलगीही मागच्या दिवाळीपासून सारखी हात धुते, पेरांवर भेगा पडल्यात. ‘आई, झाले ना गं स्वच्छ?’ असं येता-जाता विचारते. सासूबाई म्हणतात, असली पुस्तकं वाचूनच डोक्यात भरतं. बोर्डाचं वर्ष आहे. पुस्तक काढून घेऊ का?
– एक आई, सहकारनगर

उत्तर : नका घेऊ. कारण तुम्हीच लिहिलं आहे : हात दिवाळीपासून, पुस्तक एप्रिलपासून. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण पुस्तकावर आळ घेता येणार नाही. पोरीला जे आधीपासून छळतंय, ते कुणीतरी लिहून ठेवलेलं तिला सापडलं, म्हणून ती ते उशाशी घेऊन झोपते.

नारायण पेठेत मी बरीच वर्षं वाचनालय चालवलं. मनाच्या दुखण्यांवरची अशी पुस्तकं मुलं दुसऱ्या दोन पुस्तकांच्या मध्ये घालून काउंटरवर आणायची. तुमच्या मुलीनं निदान लपवलं तरी नाही. ही जमेची बाजू समजा.

कादंबरी 2017ची. ग्रीन यांना स्वतःला ओसीडी, म्हणजे नको ते विचार मनात पुन्हा पुन्हा येऊन तीच ती कृती करायला लावणारा आजार, आहे आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलतात. त्यांची एझा बोटाच्या टोकाची जखम भरूच देत नाही. नखानं उघडायची, धुवायची, नवी बँडेड लावायची, आणि ती लागते न लागते तोच आतून पुन्हा शंका : नीट धुतलंस का? चाळताना हा निव्वळ चाळा वाटतो. सलग वाचलंत तर कळेल, की आपण करतोय ते वेडगळ आहे हे तिलाही माहीत असतं, तरी थांबता येत नाही. शेवटी ती खडखडीत बरी होत नाही हे खरं, पण आजार घेऊनही तिचं आयुष्य पुढे जातं. मला तो शेवट प्रामाणिक वाटला. आपल्या मालिकांत डोक्याला दुसरा मार बसला की स्मृती परत येते, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तेव्हा आधी स्वतः पूर्ण वाचा. मग पेन्सिलीच्या खुणा पुरावा म्हणून तिच्यापुढे धरू नका, एझाबद्दल बोला. ‘तिच्या आईला कळत कसं नाही गं?’ एवढंही पुरतं. क्लासला सोडताना गाडीवर बोललात तर उत्तम. मागे बसलेल्या पोरीला आईचा चेहरा बघावा लागत नाही.

हाताचं मात्र अंगावर काढू नका. ओसीडीला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, त्यातलंच हे असू शकेल. ते मी ठरवायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञानं ठरवायचं. हा आजार पुष्कळदा याच वयात डोकं वर काढतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. भीती वाटेल अशी गोष्ट थोडीथोडी समोर आणायची आणि तरी हात न धुता थांबायचं, असा सराव तज्ज्ञ करून घेतात. लागलं तर औषधंही देतात. तुम्ही दर वेळी ‘हो गं, झाले स्वच्छ’ म्हणता ना, त्यानं तिला घटकाभर बरं वाटतं आणि शंका जास्तच पक्की होते. पण उद्यापासून एकदम गप्प बसू नका, ते कमी कसं करायचं हे डॉक्टरांनाच विचारा. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर 14416 हा ‘टेलि-मानस’चा फोन चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात. मार्चची परीक्षा होऊन जाऊ दे, असं मात्र म्हणू नका. धुण्यातच तास गेले तर अभ्यास कधी करणार ती?

प्रश्न : मी बारावीत आहे, लातूरचा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. कॉलेजच्या अंकासाठी गोष्ट लिहिली. नायक एमपीएससीत दोनदा नापास होतो, मेसचा डबा न उघडताच परत पाठवायला लागतो, शेवटी सगळ्यांना चिठ्ठ्या लिहून आत्महत्या करतो. मॅडमनी गोष्ट परत केली. या विषयावर लिहायचंच नाही का?

उत्तर : आधी सरळ विचारते. हा नायक तूच आहेस का? तुझ्या मनात असे विचार येतात का? विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, म्हणून बेधडक विचारतेय. येत असतील तर गोष्ट बाजूला ठेव, रूममधल्या एकाला आजच सांग आणि वर दिलेला नंबर लाव.

नसतील, तर लिही. जरूर लिही. मॅडमचं अर्धं बरोबर आहे. जे ॲशर यांच्या 2007च्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या कादंबरीत मुलगी आत्महत्येआधी कॅसेटींवर तेरा कारणं बोलून ठेवते आणि तिच्या मृत्यूनंतर ज्याला त्याला आपलं माप पदरात पडतं. तिथेच मला खटकतं. आपण गेल्यावर सगळ्यांना पश्चात्ताप होईल, हे खचलेल्या पोराला किती गोड वाटत असेल! पुढे त्यावर मालिका आली, आणि तिच्यातला मृत्यूचा प्रसंग नेटफ्लिक्सनं 2019मध्ये कापून टाकला. तुझ्या चिठ्ठ्याही त्याच वळणाच्या आहेत. त्या काढ. कसं केलं, कशानं केलं, यातलं अक्षरही नको.

डब्यावर थांब. डबा तसाच जड परत येतोय हे मेसवाल्या काकूंच्या लक्षात पहिल्यांदा कधी येतं? त्या डबेवाल्या पोराला काय म्हणतात? शेजारच्या कॉटवरचा मुलगा बघूनही ‘अटेम्प्ट जवळ आलाय’ म्हणून गप्प राहतो का? नायकाला डॉक्टरकडे कोण नेतं, फीचे पैसे कुठून येतात, गावी बापाला फोनवर काय सांगतात? हे सगळं तुला ठाऊक आहे, मला नाही. गोळ्या सुरू झाल्यावरही तो तिसऱ्यांदा नापास होऊ दे, हवं तर. नव्यानं लिहिलेली गोष्ट आधी मॅडमना दाखव. त्यांनी पुन्हा परत केली तर मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव, पण कागदाच्या एकाच बाजूला लिही आणि तीन हजार शब्दांच्या आत बसव.