मिचमचा केडी की डी नीरोचा?

वाचकांचे प्रश्न : सिनेमा

प्रश्न : 'केप फिअर'चा रिमेक आधी पाहिला आणि मूळपट दुसऱ्या दिवशी. रिमेकमधल्या रॉबर्ट डी नीरोपुढे मूळपटातला रॉबर्ट मिचम काहीच करत नाही असं वाटलं. जाणकार मात्र मिचमलाच वरचढ ठरवतात. नेमकं बघायचं काय? (सातारा)

उत्तर : घोळ क्रमात झाला. तार सप्तकातली तान कानात घुमत असताना खर्ज ऐकू येत नाही. काही दिवस मध्ये जाऊ द्या आणि जे. ली थॉम्पसन यांचा १९६२ चा कृष्णधवल मूळपट एकटाच पुन्हा लावा. सुरुवातीलाच मिचमचा मॅक्स केडी (तुरुंगातून सुटून एका वकिलाचा आणि त्याच्या कुटुंबाचा सूड घ्यायला आलेला गुन्हेगार) पनामा हॅट घालून, सिगार तोंडात धरून कोर्टाचा जिना चढतो. तिथे एका बाईच्या हातातली पुस्तकं पडतात. तो थांबत नाही, मानही वळवत नाही. ती बाई त्याच्या लेखी तिथे नाहीच. माणूस कसा आहे ते एकही वाक्य न बोलता कळलं.

आता दोन्ही चित्रपटांतले तीन प्रसंग जोडीने बघा : गाडीची किल्ली काढून घेण्याचा, वकिलाच्या मुलीच्या शाळेतला आणि शेवटचा हाउसबोटीवरचा. प्रत्येक जोडी आधी आवाज बंद करून बघा आणि लक्ष चेहऱ्याऐवजी हातांवर ठेवा. किल्लीच्या प्रसंगात मिचमचा हात आळसावलेला आहे. आपलीच वस्तू उचलावी तशी तो किल्ली काढतो. बोटीवर तो अंडं हातात चुरडून ते वकिलाच्या बायकोच्या अंगाला फासतो तेव्हाही हात घाई करत नाही. त्या काळच्या सेन्सॉर संहितेमुळे 'बलात्कार' हा शब्द संवादांत येऊ दिला नव्हता. जे बोलता येत नव्हतं ते सगळं मिचमला अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी आणि उघड्या छातीने सांगावं लागलं, आणि म्हणूनच ते जास्त अंगावर येतं.

प्रश्न : मग डी नीरो लाऊड करतो असं म्हणायचं का? ऑस्करचं नामांकन तर मिळालं होतं. (डोंबिवली)

उत्तर : लाऊड आहेच, पण त्याचं कारण पटकथेत आहे, आणि ते बाजूला ठेवून दोन नटांना तराजूत घातलं की निवाडा चुकतो. मूळपटात वकील सॅम बोडेन हा केडीच्या गुन्ह्याचा साक्षीदार. त्याच्या साक्षीवर केडी ८ वर्षं आत गेला, आणि केडीची तक्रार निव्वळ खुनशीपणाची आहे. न्याय त्याच्या बाजूला तसूभरही नाही, त्यामुळे मिचमला काही पटवून द्यावं लागत नाही. त्याने नुसतं हजर राहायचं.

१९९१ च्या रिमेकमध्ये मार्टिन स्कोर्सेसी आणि पटकथाकार वेस्ली स्ट्रिक यांनी हाच सांधा बदलला. इथे बोडेन केडीचाच बचावाचा वकील होता, आणि पीडितेच्या पूर्वायुष्याबद्दलचा एक अहवाल त्याने दाबून ठेवला. शिक्षा १४ वर्षांची. आत गेला तेव्हा केडी निरक्षर होता. तुरुंगात वाचायला शिकला, कायदा वाचला, बायबल वाचलं. म्हणजे या केडीकडे खटला आहे. त्याला युक्तिवाद करायचाय, प्रवचन द्यायचंय, बोटीवर वकिलालाच आरोपी करून उभं करायचंय. अशी भूमिका पुटपुटत करता येत नाही. पाठीवर गोंदलेला क्रूस, त्याला लटकलेला तराजू, 'सत्य' आणि 'न्याय' हे शब्द : हा माणूस अंगावरच पोथी घेऊन फिरतो.

तरीही शेवटच्या अर्ध्या तासात हात सैल सुटलाय, हे मान्य करायला हवं. चेहरा भाजतो, तरी तो उठतो. पाण्यात जातो, तरी वर येतो. भीतीची जागा मग कुतूहल घेते : हा आता मरणार तरी कसा?

डी नीरोचं खरं काम बघायचं तर शाळेच्या नाट्यगृहातला प्रसंग बघा. मूळपटात त्या जागी मुलगी शाळेच्या इमारतीत जीव घेऊन पळते. पावलं, कोपरे, झटपट कट. रिमेकमध्ये पळापळ नाही. परीकथेतल्या झोपडीचा सेट, आणि नाटकाचा शिक्षक असल्याची थाप मारून आलेला केडी मुलीशी हळू आवाजात, जवळजवळ मायेने बोलतो. पॉज लांब आहेत. या प्रसंगाचं निम्मं श्रेय ज्युलिएट लुईसचं : लाजरं हसू, केसांशी चाळा, घाबरूनही तिथेच थांबणं. तिलाही सहायक अभिनेत्रीचं नामांकन होतं. पुरस्कार दोघांनाही मिळाला नाही. त्या वर्षी डी नीरोसमोर अँथनी हॉपकिन्स होते.

प्रश्न : बचावाचा वकील असा अहवाल दाबू शकतो का? आणि पीडितेचं पूर्वायुष्य कोर्टात काढणं चालतं का? (नागपूर)

उत्तर : नैतिकदृष्ट्या प्रेक्षक बोडेनच्या बाजूला झुकतो, पण व्यवसायाच्या नियमांत तो चुकलाच : अशिलाच्या फायद्याचा कागद वकिलाने लपवायचा नसतो. दुसरा मुद्दा काळाचा. अमेरिकेत पीडितेच्या पूर्वायुष्याचा पुरावा रोखणारे कायदे १९७० च्या दशकात येऊ लागले. आपल्याकडे पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारं तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं कलम १५५(४) काढून टाकायला २००२ ची दुरुस्ती यावी लागली. तो अहवाल निर्णायक कसा ठरला असता, हे त्या काळाचा कायदा ध्यानात घेतला की कळतं.

प्रश्न : रिमेकमध्ये मिचम आणि ग्रेगरी पेक दोघेही दिसतात. नुसती हजेरी की काही हेतू? (पणजी)

उत्तर : हेतू आहे, आणि खट्याळ आहे. जुना केडी मिचम इथे पोलीस अधिकारी, तर जुना सज्जन वकील पेक इथे केडीचं वकीलपत्र घेतो. १९६२ मध्येच पेकने 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मधला आदर्श वकील साकारला होता, हे आठवलं तर टोमणा जास्त लागतो. मूळपटातला पोलीसप्रमुख मार्टिन बाल्सम इथे न्यायाधीश आहे. पेकच्या मानाने निक नोल्टीचा बोडेन घामेजलेला, लपवाछपवी करणारा. पेक ताठ उभा राहतो. नोल्टी उंचीने डी नीरोहून जास्त, तरी वाकलेला वाटतो. समीक्षकांनी नोल्टीकडे जरा दुर्लक्षच केलं.

प्रश्न : दोन्हींचं पार्श्वसंगीत एकच आहे का? (पुणे)

उत्तर : हो. बर्नार्ड हरमन यांचं मूळ संगीत एल्मर बर्नस्टाईन यांनी रिमेकसाठी नव्याने बांधलं. पितळी वाद्यांवरचे ते खाली उतरणारे चार सूर दोन्हीकडे आहेत.

प्रश्न : रिमेक हिंदी डबिंगमध्ये पाहिला तर चालेल का? (लातूर)

उत्तर : कथेसाठी चालेल, अभिनयाची तुलना करायला नाही. डी नीरोने अमेरिकेच्या दक्षिणेकडची लांबवत बोलण्याची ढब धरलीय. डबिंगमध्ये ती जाते आणि उरतो नुसता दरडावणारा खलनायक. मूळ आवाज ठेवून सबटायटल्स लावा. दुसरं, चित्र पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतंय ना, ते तपासा. रिमेक रुंद पडद्यासाठी चित्रित झालाय. टीव्हीसाठी कडा कापलेली प्रत असेल तर चौकटीच्या टोकाला उभा असलेला केडी अर्धा गायब होतो.