भिंतीला भिंत लागून घर आणि रात्रीचं व्हायोलिन

तुमचं वय ४३, बडोद्यात दांडिया बाजारात भिंतीला भिंत लागून घर, रात्री साडेनऊनंतरच मोकळा वेळ. हेडफोन लावून वाजवायचं इलेक्ट्रिक व्हायोलिन घ्यावं का आणि गुरूशिवाय जमेल का, असं विचारलंय. व्हायोलिन जरूर घ्या. मी रावपुऱ्यात अशाच घरात ४६व्या वर्षी सुरुवात केली, आता आठ वर्षं झाली. रात्री वाजवता आलं नसतं तर दोन महिन्यांतच सुटलं असतं.

पण एक गोष्ट आधीच सांगतो. या वाद्याला पोकळ पेटी नसते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी बसवलेला पिकअप तारेचं कंपन उचलतो आणि हेडफोनमध्ये मोठं करून देतो. त्यामुळे सूर गजाने, म्हणजे तारांवर ओढायच्या काठीने, भरला की बटणाने, हे कळत नाही. मी वर्षभर हलका, घाबरलेला गज ओढत होतो आणि रिव्हर्बमुळे, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या सोयीमुळे, तोच गोड वाटायचा. गुरुजींकडे साधं व्हायोलिन हातात घेतलं तेव्हा नुसती खरखर आली. तो हात सुधारायला सहा महिने गेले, आणि ते सहा महिने मला अजून सलतात. म्हणून रिव्हर्ब पहिल्या दिवसापासून बंद ठेवा, आवाज कमी ठेवा, हेडफोन एकाच कानाला लावा. दुसऱ्या कानाला तारेचा मूळ बारीक आवाज ऐकू येऊ दे. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोत, गज आधी फिरतो आणि सूर मागून येतो.

पहिला महिना बोटं लावूच नका. आरशासमोर बसा, गज घोडीला समांतर ठेवून खुल्या तारांवर आठ-आठ मात्रांचा एकेक गज ओढा. फोनवरचा तानपुरा वायरने वाद्यालाच जोडा, बहुतेक वाद्यांना तशी जागा असते. नव्या गजाला राळ लागलेली नसते, म्हणून तार बोलतच नाही. वाद्य बिघडलंय असं समजू नका, राळ भरपूर घासा. वाजवून झालं की गज सैल करून ठेवायचा.

तुम्हाला राग शिकायचेत, तेव्हा जुळवणीही पाहून घ्या. दुकानातून येणाऱ्या वाद्यात शेवटच्या दोन तारा ४४० आणि ६५९ हर्ट्झच्या आसपास असतात. त्या एकेक स्वर उतरवून ३९२ आणि ५८७वर आणल्या की पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी सा धरून) सा-प-सा-प मध्ये वाद्य लागतं. तुमचे गुरू प-सा-प-सा लावत असतील तर त्यांचंच ऐका.

गुरूशिवाय, माझ्या मते, पहिले सहा महिने तरी नाही. व्हिडिओ पाहून बोटांच्या जागा कळतात, पण मनगट कुठे आखडलंय ते समोर बसलेला माणूसच सांगू शकतो. आपल्या गावात १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, तीच पुढे म्युझिक कॉलेज झाली. तिथे चौकशी करा, घरी शिकवणारं कोणी ना कोणी कळेल. शिकवणीला त्यांचं साधं वाद्य वाजवायला मागा, आठवड्यातून एकदा तरी.

आणि खरेदी फोटो पाहून करू नका. काही इलेक्ट्रिक वाद्यं साध्यापेक्षा चांगलीच जड असतात, काहींची चौकट अर्धीच असते. आपण मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवून वाजवतो, तेव्हा ती छातीशी नीट बसत नाहीत. दुकानात खाली बसून दहा मिनिटं धरून बघा. डावा खांदा भरून आला तर दुसरं दाखवायला सांगा.