विज्ञानाचे सिद्धांत वास्तव सांगतात, की नुसते हिशेब जुळवतात?

ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लहरी ज्यातून जातात असं मानलेलं सर्वव्यापी माध्यम, खोटं निघालं, मग उद्या इलेक्ट्रॉनही तसाच निघणार नाही कशावरून, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे. विज्ञानाचा तत्त्वज्ञ लॅरी लाउडननं १९८१ मध्ये एके काळी यशस्वी आणि पुढे बाद झालेल्या सिद्धांतांची यादीच मांडली होती. ईथर तिच्यात होतंच. पण सबंध सिद्धांताला एकदम खरं-खोटं ठरवण्याआधी त्याचा कुठला भाग काम करत होता ते बघा.

काचेवर पडलेला प्रकाश किती परत फिरतो, याची सूत्रं फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलनं १८२० च्या दशकात ईथर धरूनच काढली. लंब पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब सोपा आहे: दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांच्या (प्रकाश माध्यमात किती पट मंदावतो, तो आकडा) वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागा आणि वर्ग करा. हवा १, काच १.५, म्हणजे ०.५ भागिले २.५, ०.२, वर्ग ०.०४. एका पृष्ठावरून ४ टक्के, खिडकीच्या काचेला दोन पृष्ठं म्हणून सुमारे ८. चष्म्याला अँटी-ग्लेअर कोटिंग लावतात ते यासाठीच. ईथर गेलं, आकडा हलला नाही.

कारण गणितात दिसतं. लहरीच्या ऊर्जेसाठी फ्रेनेलला काचेतल्या ईथरची घनता लागली. ती त्यानं अपवर्तनांकाच्या वर्गाच्या प्रमाणात धरली. प्रकाशाला विद्युतचुंबकीय लहर मानणाऱ्या मॅक्सवेलच्या सिद्धांतात त्याच जागी डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो, तो आकडा) येतो, आणि प्रकाशाच्या वारंवारतेला काचेसाठी तोही अपवर्तनांकाचा वर्गच. खोली तीच, भाडेकरू बदलला. तत्त्वज्ञ जॉन वॉरलनं १९८९ मध्ये याच उदाहरणावर संरचनात्मक वास्तववाद उभा केला: टिकतात ती समीकरणांतली नाती. ईथरच्या चित्राला मात्र तेव्हाच तडे होते. प्रकाशाच्या अवतरंगांसाठी (पुढे जाण्याच्या दिशेला आडवी हलणारी लहर) ते स्थायूसारखं ताठ हवं, तरी ग्रह त्यातून बिनबोभाट जाणार. आणि स्थायूत अनुतरंगही (जाण्याच्याच दिशेत पुढेमागे हलणारी लहर) यायला हवेत, ते कधी दिसलेच नाहीत.

यात खड्डा एकच, पण खोल: कामाचा भाग कोणता, हे आपण निकाल लागल्यावर ठरवतो. फ्रेनेलला विचारलं असतं तर त्यानं घनता कामाचीच सांगितली असती.

म्हणून मी दुसऱ्या कसोटीला जास्त वजन देतो: एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटा एकाच आकड्यावर येतात का? फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँनं १९१३ पर्यंत ॲव्होगाड्रो अंक (एका मोल पदार्थातल्या कणांची संख्या) तेरा रीतींनी ताडून पाहिला. पाण्यातल्या सूक्ष्म कणांची अखंड वेडीवाकडी हालचाल (ब्राउनीय गती), आकाशाचा निळेपणा, तापलेल्या पोकळीतलं प्रारण, किरणोत्सारातून निघणारं हेलियम, कुठूनही गेलं तरी उत्तर ६ ते ७.५ गुणिले १० चा २३ वा घात. अणू नसतील तर हे जुळणं समजावणं फार जड जातं. उलट बुधाच्या कक्षेतल्या तफावतीसाठी खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएनं कल्पिलेल्या व्हल्कन ग्रहाला त्या तफावतीखेरीज दुसरा आधार मिळाला नाही. त्यानंच अशाच तफावतीवरून वर्तवलेला नेपच्यून मात्र १८४६ मध्ये दुर्बिणीत सापडला होता. बुधाच्या बाबतीत १९१५ मध्ये आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागला.

इलेक्ट्रॉन या कसोटीला उतरतो. १८९६ मध्ये झीमननं चुंबकक्षेत्रात रुंदावलेल्या वर्णरेषांवरून आणि १८९७ मध्ये थॉमसननं कॅथोड किरणांवरून प्रभार-वस्तुमानाचं गुणोत्तर काढलं, आणि दोन्ही जवळपास सारखी आली. त्यामुळे असा प्रभार आणि असं वस्तुमान असलेलं काहीतरी आहे, यावर मी पैज लावीन. ते चिमुकली गोळी आहे, लहर आहे की क्षेत्राचं स्पंदन, यावर नाही; ते चित्र शंभर वर्षांत दोनदा तरी बदललंय.