रक्त वेळेत घे, दिसलं ते लिही

प्रिय डॉक्टर,

महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस, म्हणजे रात्रपाळीला अपघाताचे पेशंट येणारच. उपचार तुला येतात. मला बोलायचंय ते एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसच्या, कागदाबद्दल. तोंडाला दारूचा वास असूनही तो रकाना कोरा सोडायची सवय आपल्याकडे फार रुळली आहे.

2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. सरकारी अहवालात त्यातले बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत, दारूच्या नावावर अगदी थोडे. कॅज्युअल्टीत रात्री काढलेल्या माणसाला हे पटत नाही. पिऊन गाडी हाणणारा वेगाच्या रकान्यात जातो, कारण त्याचं रक्त कुणी तपासलेलंच नसतं.

घड्याळावर लक्ष ठेव. रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. धडक दिली तेव्हा 100 मिलिलिटर रक्तात 75 मिलिग्रॅम असलेला चालक तीन तासांनी तुझ्यापुढे आला, तर तो कायद्याच्या 30 च्या मर्यादेवर आलेला असतो. पोलिसांची यादी, म्हणजे रक्त घेण्याचं लेखी पत्र, आली नाही म्हणून आणखी तासभर गेला, की कागदावर तो सुटला. पेशंट सावरला की लगेच हवालदाराकडे यादी माग.

सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसू नकोस, साबणपाणी वापर. रक्त फ्लोराइडच्या बाटलीत घे, नीट हलव, तुझ्या डोळ्यांदेखत सील होऊ दे आणि घेतल्याची वेळ लिही. मृताचं रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं. छातीच्या पोकळीत साचलेलं घेऊ नये, फुटलेल्या जठरातली दारू त्यात मिसळलेली असू शकते.

आणि वास म्हणजे निदान नव्हे, हे विसरू नकोस. ‘पिऊन पडलाय’ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव निघतो, कधी साखर उतरलेली असते. शुगर बघ, बाहुल्या बघ, पुन्हा पुन्हा बघ.

नातेवाईक म्हणतील, “मॅडम, वासाचं लिहू नका, विमा बुडेल.” घरातला कमावता माणूस गेलेला असतो, त्यांचं शांतपणे ऐकून घे. पण त्या गाडीखाली आलेल्या माणसालाही घर होतं, आणि त्या घराच्या बाजूने बोलणारा तुझा एकच कागद असू शकतो. वरूनही फोन येतील. 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. त्या प्रकरणाच्या बातम्या वाचून काढ. एक खोटी बाटली किती माणसांना बुडवते, ते कळेल.

असा फोन आलाच, तर कुणाचा आणि किती वाजता ते डायरीत लिही आणि मला कळव, मध्यरात्र असली तरी. फ्लोराइडच्या बाटल्या स्टोअरमध्ये आहेत का, ते मात्र उद्या सकाळीच बघ. नसतील तर इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाक.

तुझे सर