येत नाही, हे आधी सांग

शनिवारी ऑफिसची मंडळी कयाकिंगला, म्हणजे त्या अरुंद होड्या वल्हवायला, चालली आहेत आणि तू ‘सर्दी झालीय’ असं कळवणार आहेस, हे वाचून मी फोन उचलला होता. मग खाली ठेवला, कारण मी तुझ्यावर ओरडलेच असते.

सर्दीचं निमित्त नको. आणि ‘हो, येतं मला’ असंही म्हणू नकोस, ते तर त्याहून वाईट. सरळ सांग: मला पोहता येत नाही, कयाकमध्ये कधी बसलेले नाही, पहिल्यापासून शिकवणार असाल तर येते.

मी इकडे आले तेव्हा पहिली दोन वर्षं शनिवार-रविवार कपडे धुण्यात आणि घरी फोन करण्यात घालवले. वेळ होता, पैसेही होते. हे एक वाक्य मात्र तोंडातून निघत नव्हतं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी विचारलं, ‘येतं ना?’ आणि मी ‘येतं’ म्हणून बसले. ऊन छान पडलं होतं, म्हणून अंगात साधा सुती टी-शर्ट. वल्हं कसं धरायचं ते इतरांकडे चोरून बघत होते. वळताना कलले आणि उलटले.

वसंतात हवा उबदार झाली तरी पाणी हिवाळ्यातलंच असतं गं. अशा पाण्यात पडलं की श्वास आपोआप आत खेचला जातो, आपल्या हातात राहत नाही. माझ्या कमरेभोवती स्प्रेस्कर्ट होता, म्हणजे होडीत पाणी येऊ नये म्हणून बसायच्या जागेच्या कडेला घट्ट बसवलेला कापडी घेर. उलटल्यावर त्याचा पुढचा पट्टा ओढायचा, म्हणजे तो सुटतो आणि बाहेर पडता येतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी येतं म्हटलं होतं! कुणीतरी पोहत येऊन मला ओढून काढलं.

गॉर्डन गीसब्रेख्ट या कॅनडातल्या संशोधकाचं १-१०-१ हे सूत्र मी नंतर शिकले. अति थंड पाण्यात पडलीस तर श्वास ताब्यात यायला साधारण १ मिनिट, हातपाय नीट चालतात ती सुमारे १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. तेव्हा पहिल्या मिनिटात धडपडायचं नाही. लाइफ जॅकेटवर भार टाकून नुसतं तरंगायचं. जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांग. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे ढिले आहेत. कपडे पाण्याच्या थंडीप्रमाणे घाल, उन्हाकडे बघून नको. पण यातलं काहीही तुला नीट कधी मिळेल? येत नाही म्हणालीस तरच.

‘मला जमेल का?’ असं विचारलंयस. मला ठाऊक नाही, आणि शनिवारी त्याला महत्त्वही नाही. तुला काय येत नाही हे तुझ्याबरोबरच्या माणसाला माहीत आहे का, एवढंच बघ.

आता मीच गट घेऊन जाते. नवीन माणसाला काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात आधी मुद्दाम उलटायला लावते. काहींना त्याचा राग येतो. एकदा वारा काठाकडून आत वाहू लागला. असा वारा फसवा, काठाशी पाणी शांत दिसतं आणि आत गेल्यावर परत येववत नाही. मी सगळ्यांना माघारी फिरवलं. दोघंजण म्हणाले, आम्हाला येतं. ते पुन्हा कधी माझ्याबरोबर आले नाहीत. चांगली माणसं होती, अजून चुकल्यासारखं वाटतं. तरी त्या वाऱ्यात मी त्यांना आत जाऊ दिलं नसतं, आजही देणार नाही. त्यांना खरंच येत असेलही. मीही एकदा तसंच म्हटलं होतं.

पोहण्याच्या वर्गात नाव घाल, ते वेगळं. शनिवारसाठी त्याची वाट बघू नकोस. त्यांना आज रात्रीच लिही, शुक्रवारपर्यंत थांबलीस तर सर्दी होईलच तुला. ‘बिगिनर’ म्हणून नुसतं पुटपुटू नकोस, पोहता येत नाही हे शब्द लिही. कुणी हसलं तर त्या माणसाबरोबर पाण्यात उतरायचं नाही. मला कळव, आपण दुसरा गट शोधू.

तुझी,
मावशी