पॅरिसमधल्या एखाद्या आधुनिक ब्रासरीत जेवायला जावं का? नवरा मासे खातो, मी शाकाहारी आहे. काय मागवावं?

जरूर जा, आणि शक्यतो दुपारी जा. मी पॅरिसजवळच राहते. घरून पाहुणे आले की बड्या रेस्टॉरंटआधी त्यांना ब्रासरीतच नेते. इथल्या बऱ्याच रेस्टॉरंटांची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, ती थेट संध्याकाळी उघडतात. फिरून दमलेल्या माणसाला चार वाजताही गरम जेवण देते ती ब्रासरी. १८७०च्या युद्धानंतर अल्सास प्रांत जर्मनीकडे गेला आणि तिथून आलेल्या लोकांनी बिअर व आंबवलेला कोबी देत ही पद्धत पॅरिसमध्ये चांगलीच रुजवली. १८८० सालची ‘लिप’ ही ब्रासरी अजून चालू आहे.

नव्या धाटणीची हवी असेल तर सां-लाझार स्टेशनातली ‘लाझार’ बघा. एरिक फ्रेशाँ या तीन मिशेलिन तारांकित शेफने ती २०१३ मध्ये सुरू केली. अशा ठिकाणी सजावट नवी, सॉस हलके, पण पदार्थ जुनेच असतात आणि माझ्या मते शेफचा कस तिथेच लागतो.

नवऱ्याला सोल म्यूनिएर मिळाला तर सोडू नका म्हणावं. आपल्याकडच्या लेप माशासारखाच चपटा मासा, पिठात घोळवून लोण्यात तळलेला. लोणी तपकिरी होऊन खमंग वास सुटला की त्यावर लिंबू आणि पार्सली. काही ठिकाणी वेटर टेबलाशीच दोन चमच्यांनी मधला काटा अख्खा उचलून काढतो, ते बघण्यासारखं असतं. महाग आहे, पण एकदा खावाच.

तुम्ही मात्र कांद्याच्या सूपला भुलू नका, त्यात बहुधा बीफचा स्टॉक असतो. त्यापेक्षा प्वारो व्हिनेग्रेत मागवा. लीकचे (कांद्याच्या जातीची लांब भाजी) पांढरे दांडे मऊ उकडून, कोमट असतानाच त्यावर मोहरी आणि व्हिनेगरचं आंबट-तिखट मिश्रण ओततात. नवे शेफ ते आचेवर थोडे करपवतात, वर भाजलेले हेझलनट टाकतात. कधीकधी वर उकडलेलं अंडं पेरलेलं असतं, चालत नसेल तर आधीच सांगा. टेबल राखून ठेवतानाच ‘सां व्यांद, सां प्वासाँ’ (मांस नको, मासे नकोत) असं कळवा आणि स्टॉकचंही विचारा.

जेवणासोबत नळाच्या पाण्याची काराफ (काचेची सुरई) फुकट मिळते, न लाजता मागा. सर्व्हिस बिलातच धरलेली असते, त्यामुळे टिप ऐच्छिक. अंडं चालत असेल तर गोडाला ईल फ्लोतांत घ्या, थंड कस्टर्डवर तरंगणारा पांढऱ्या बलकाचा मऊ गोळा. दोघांत एक पुरतं.