पीएचसीत काम करताना सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्या परिषदांना आणि प्रशिक्षणांना जावं?

तुम्ही लिहिलंय की प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी आहात, वर्षातून एकदोनदाच बाहेर पडता येतं, खर्च स्वतःचा, आणि पुढे सार्वजनिक आरोग्यातच राहायचंय. मग येत्या वर्षात कुठे जावं?

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष प्रशिक्षणाला द्या. परिषदेला दुसऱ्या वर्षी जा, आणि तेही स्वतःचा पेपर किंवा पोस्टर घेऊनच. नुसतं डेलिगेट म्हणून गेलात तर दोन-तीन दिवस सात-आठ मिनिटांची सादरीकरणं डोळ्यांसमोरून जातात, पण विचारायला आपला प्रश्नच नसल्यामुळे हाती काही लागत नाही.

सुरुवात घरबसल्या होते. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) एनआयई, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. नावनोंदणी मोफत असते, परीक्षेला बसायचं असेल तरच फी. अडतं ते साप्ताहिक असाइनमेंटवर: लसीकरण मोहीम किंवा साथ आली की दोन आठवडे राहून जातात, मुदत निघून जाते आणि प्रमाणपत्र हुकतं. म्हणून मोहिमांचं वेळापत्रक पाहून मगच नाव घाला.

त्यानंतर फ्रंटलाइन एफईटीपी. हे तीन महिन्यांचं क्षेत्रीय साथरोगशास्त्राचं प्रशिक्षण. नोकरी सोडावी लागत नाही, अधेमधे काही दिवसांचे वर्ग आणि उरलेला वेळ आपल्याच भागात काम. रोग सर्वेक्षणाच्या आकड्यांचं विश्लेषण आणि साथीचा तपास, दोन्ही प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. तुमच्यासारख्यांना माझी पहिली शिफारस हीच. यात नावं बहुधा सर्वेक्षण यंत्रणेमार्फत जातात, त्यामुळे जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे आपली इच्छा लेखी देऊन ठेवा. तोंडी सांगितलेलं ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही. हे आवडलं तर पुढे पूर्णवेळ दोन वर्षांचे मार्ग आहेत: दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा (एनसीडीसी), २०१२ मध्ये सुरू झालेला इंडिया ईआयएस हा साथतपासाचा कार्यक्रम, किंवा एनआयईची सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी (एमपीएच). शासनाची नेहमीची सेवांतर्गत प्रशिक्षणं नागपूरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेकडून आणि विभागीय प्रशिक्षण केंद्रांमधून होतात. ती कार्यक्रमापुरती असतात, संशोधन शिकवणं हा त्यांचा हेतू नाही.

आता परिषदा. देशात दोन मोठ्या संघटना: १९५६ ची इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन आणि १९७४ ची इंडियन असोसिएशन ऑफ प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन (आयएपीएसएम). दोघींची वार्षिक राष्ट्रीय परिषद भरते. आयएपीएसएममध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतले पीएसएमवाले, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे शिक्षक, जास्त दिसतात. राष्ट्रीय परिषद साधारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत येते आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टची (पेपरच्या सारांशाची) मुदत त्याच्या दोन-तीन महिने आधी संपते, म्हणजे दिवाळीच्या आसपास तुमचं विश्लेषण तयार हवं. पहिल्या पेपरसाठी मात्र राज्य शाखेची परिषद बरी. प्रवास कमी, फी कमी, आणि ऐकणाऱ्यांना तुमचा तालुका ठाऊक असतो. मेडिको फ्रेंड सर्कल या आरोग्य कार्यकर्त्यांच्या गटाची वार्षिक बैठकही बघा. तिथे एकच विषय घेऊन आधी वाटलेल्या टिपणांवर चर्चा होते.

‘माझ्याकडे संशोधन कुठून येणार?’ हा पुढचा प्रश्न असेल. डॉ. हिम्मतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत उभं राहिलं आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप (गोचिडींमुळे पसरणारा विषाणूजन्य ताप) आला तेव्हा पहिले रुग्ण स्थानिक आरोग्य केंद्रांनीच हाताळले. तुमच्याकडे आयएचआयपी या रोग सर्वेक्षणाच्या पोर्टलवरचा पी फॉर्म (संशयित रुग्णांची नोंद) आहे, सर्पदंशाचं रजिस्टर आहे, क्षयरुग्णांच्या नोंदींचं निक्षय पोर्टल आहे.

एक अडचण मात्र आधीच ओळखा: ओपीडीच्या रजिस्टरला छेद (टक्केवारी काढायला लागणारी एकूण लोकसंख्या) नसतो. किती लोकांतून हे रुग्ण आले ते माहीत नसतं, अनेक जण खासगीत जातात. त्यामुळे त्यावरून ‘तालुक्यात अमुक टक्के लोकांना हा आजार आहे’ असं म्हटलं की परीक्षक तिथेच थांबतो. रुग्णांमधलाच प्रश्न विचारा. उदाहरणादाखल: दोन वर्षांतल्या १२० सर्पदंशांपैकी ४२ जण दोन तासांत पोहोचले, ३५ टक्के, ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या टप्प्यात असावा तो) २७ ते ४४. न पोहोचलेले कोणत्या पाड्यांवरचे, आधी कुठे गेले होते? एवढ्यावर उत्तम अ‍ॅब्स्ट्रॅक्ट होतो.

अ‍ॅब्स्ट्रॅक्टला बहुधा अडीचशे ते तीनशे शब्द मिळतात. निम्मे शब्द पार्श्वभूमीवर घालवू नका, दोन वाक्यं पुरे. कालावधी, रुग्ण कसे निवडले, किती नोंदी अपुऱ्या म्हणून वगळल्या, हे पद्धतीत यायलाच हवं. सगळ्यात नक्की नाकारला जातो तो ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील’ असं लिहिलेला. आणि निष्कर्षात ‘जनजागृती वाढवावी’ एवढंच लिहू नका. आकड्यांतून जे निघतं तेवढंच लिहा, उदाहरणार्थ कोणत्या उपकेंद्राच्या भागातून रुग्णवाहिका उशिरा येते.

एथिक्स कमिटीची मंजुरी काम सुरू करण्याआधी लागते, मागच्या तारखेची मिळत नाही. पीएचसीला स्वतःची कमिटी नसते, म्हणून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम विभागातल्या कुणाला तरी सहलेखक म्हणून सुरुवातीपासून सोबत घ्या. विश्लेषणातही त्यांची मदत होते. रजिस्टरमधला डेटा वापरायला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी वेगळी घ्या आणि रुग्णांची नावं, मोबाइल नंबर तुमच्या एक्सेल शीटमधून आधीच काढून टाका.

पोस्टर निवडला गेला तर छापण्याआधी आडवं की उभं आणि नेमकं माप काय, ते आयोजकांकडून लेखी घ्या. बोर्ड उभा आणि पोस्टर आडवं, हे दर परिषदेत कुणाचं तरी होतं. सात मिनिटांच्या सादरीकरणाला आठ स्लाइड खूप झाल्या.

फीच्या बाबतीत अर्ली बर्डची (लवकर भरल्यास कमी फीची) तारीख, जीएसटी धरून रक्कम आणि रद्द केल्यास किती परत मिळतं, हे तीन मुद्दे आधी वाचा. रजा ऐन वेळी रद्द होऊ शकते, त्यामुळे परताव्याची अट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट (परिषदा-प्रशिक्षणांना हजर राहून मिळणारे गुण) लागतात. कार्यक्रमपत्रिकेवर मंजूर पॉइंट छापलेले नसतील तर पैसे भरण्याआधी विचारा.

‘आदरणीय संशोधक, आपल्याला वक्ता म्हणून निमंत्रण’ असे परदेशी परिषदांचे ईमेल येतील. वक्त्याकडूनच फी मागितली, एकाच सभागृहात दंतवैद्यकापासून कृषीपर्यंत सगळे विषय असले, मागच्या वर्षीचं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पुस्तक सापडत नसलं, तर उत्तरही देऊ नका.

खरी जागतिक परिषद हवी असेल तर वर्ल्ड काँग्रेस ऑन पब्लिक हेल्थ आहे. २०१५ मध्ये ती कोलकात्यात झाली होती, १८ वी सप्टेंबर २०२६ मध्ये केपटाऊनला ठरली आहे. शासकीय सेवेत असाल तर परदेशी जाण्याची परवानगी विभागाकडून आधी घ्यावी लागते. प्रवास-निवासाचा खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर एफसीआरए (परदेशी निधी नियमन) कायद्याच्या कलम ६ नुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगीही लागते. त्यासाठी एफसी-२ अर्ज निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी भरायचा असतो, पण सोबत विभागाचं पत्र जोडावं लागतं आणि खरा वेळ त्यालाच लागतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत (टीएचओ) फाइल हलवा.